खोडलेलं ‘णार नाही’

मृण्मयी : आणि हे काय मग? बोळक्यांच्या डब्यात वर्तमानपत्राचं कात्रण कोण ठेवतं, आबा?

चिंतामण : बोळकी फुटू नयेत म्हणून घालतात कागद.

मृण्मयी : प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट घडी करून? बोळकी तर आजीने जुन्या साडीत गुंडाळलीत. हे खाली होतं, अगदी तळाशी.

चिंतामण : ते राहू दे आणि बोळकं दे इकडे. तुझ्या आजीचा नांदगावहून दोनदा फोन येऊन गेला. दूध तुळशीपुढे चढवा, पूर्वेलाच उतू घालवा, गोवरी फुंकताना खोकला आला तर तोंड तिकडे करा. रथसप्तमी सूर्याची, पण हुकूम सगळे तिचे.

मृण्मयी : विषय बदलू नका. हे फुटलेलं चॅलेंजर यान आहे ना? एका धुराचे दोन फाटे झालेत बघा, गोगलगाईच्या शिंगांसारखे. जानेवारी शहाऐंशी. म्हणजे येत्या बुधवारी चाळीस वर्षं होतील.

चिंतामण : झाली असतील.

मृण्मयी : आम्हाला होतं हे शिकायला. थंडीने रॉकेटच्या जोडातली रबराची रिंग कडक झाली, गरम वायू बाहेर आला, त्र्याहत्तर सेकंदांत सात माणसं गेली. पाच मार्कांना हमखास यायचं.

चिंतामण : पाच मार्क. बरे आहेत की. तुझा फोन थरथरतोय बघ.

मृण्मयी : भाऊसाहेब आहेत. सकाळपासून तिसरा मेसेज.

चिंतामण : आज रविवार ना?

मृण्मयी : द्राक्षांना कुठला रविवार? या हंगामातला पहिला कंटेनर दुपारी भरायचाय. त्याआधी त्यांना फॉर्मवर माझी सही हवीये. ‘अमोनिया प्लांट तपासला, चालू ठेवण्यास हरकत नाही.’ खाली नाव, हुद्दा, सही.

चिंतामण : मग हरकत आहे का?

मृण्मयी : तेच तर तुम्हाला विचारायचं होतं काल रात्रीपासून. तुम्ही तीस वर्षं तपासनीस होतात सातपूरला. ऐकून घ्या आणि सांगा.

चिंतामण : फुंकत फुंकत ऐकतो. बोल.

मृण्मयी : आमच्या कोल्ड स्टोअरच्या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये एक रबराची रिंग आहे. जुनी झालीये. पिंपळगावला पहाटे पाच-सहा डिग्रीपर्यंत उतरतं सध्या. त्या थंडीत ती आखडते आणि थोडा गॅस सुटतो. नऊ-साडेनऊला उन्हं तापली की परत बसते जागेवर. सर्व्हिसवाला येतो बारा वाजता. हुंगतो आणि म्हणतो, मॅडम, कुठाय लीक?

चिंतामण : आणि गॅस सुटला की वाजणारं काही असेल ना?

मृण्मयी : अलार्म आहे. रोज पहाटे बोंबलायचा. पहिले आठ दिवस सगळे धावले. नवव्या दिवशी कोणी मान वर करून बघितलं नाही.

चिंतामण : रोज मरे त्याला कोण रडे.

मृण्मयी : दहाव्या दिवशी ऑपरेटरने वायरच काढून ठेवली. मी बघितलं, आबा. काही बोलले नाही.

चिंतामण : हं. रिंग बदलायला काय लागतं?

मृण्मयी : गॅस टाकीत ओढून घ्यायचा, लाइन रिकामी करायची, रिंग बदलायची, परत सगळं चालू करायचं. दोन दिवस तरी प्लांट बंद. तेवढ्यात आतली द्राक्षं मऊ पडणार आणि कंटेनर दुसऱ्याकडे जाणार.

चिंतामण : मालक कसा आहे?

मृण्मयी : चांगला आहे हो, तोच तर घोळ आहे. मशीनरूममध्ये मुलगी नको म्हणून चार ठिकाणांहून परत पाठवलं होतं मला. भाऊसाहेबांनी एकच विचारलं, पाना धरता येतो का. माझ्या तापात घरी दूध पाठवलंय त्यांनी. काल म्हणाले, मृण्मयी, घरचं समज आणि करून टाक.

चिंतामण : काय समज म्हणाले?

मृण्मयी : घरचं. का? असे काय बघताय?

चिंतामण : काही नाही. धूर गेला डोळ्यांत.

मृण्मयी : गळती अगदी थोडी आहे. मी मोजलीये. आणि हंगाम सव्वादोन महिन्यांचा, मार्चनंतर थंडीच नाही, प्रश्नच मिटला. तोवर चालेल ना?

चिंतामण : तो शब्द नको.

मृण्मयी : कुठला शब्द?

चिंतामण : ते कात्रण दे इकडे. नाही, पिशवीतून काढू नकोस, तुकडे पडतात त्याचे. तुमच्या पाच मार्कांत एक गोष्ट सांगितली होती का? हे यान फुटण्याच्या आधीच्या फेऱ्यांतही रिंगा जळक्या निघाल्या होत्या.

मृण्मयी : हो, तेही होतं.

चिंतामण : रिंग जळलेली, पण यान सुखरूप परत आलेलं. पुन्हा तेच, पुन्हा परत आलं. मग काय ठरलं? की रिंग थोडीशी जळतेच. ज्यावर धावून जायचं, त्याचीच सवय झाली. आदल्या रात्री इंजिनिअर अक्षरशः विनवत होते की उद्या थंडी फार आहे, उडवू नका. त्यांच्यातल्या एका साहेबाला वरून सांगण्यात आलं, आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल.

मृण्मयी : आपल्याकडे टोपी घालणं म्हणजे वेगळंच.

चिंतामण : निघालं तिकडेही तेच. मुलं शाळांमधून टीव्हीसमोर बसली होती, यानात एक बाई शिक्षिका होती म्हणून. आणि सतरा वर्षांनी परत. कल्पना चावला होती त्या यानात. उडताना टाकीवरच्या फोमचा एक तुकडा निघून पंखाला लागला. फोम काय, दर वेळीच निघायचा. काही जण म्हणाले, वर आहेत तोवर फोटो काढून बघू या. उत्तर आलं, गरज नाही. सोळा दिवस ती पोर वर प्रयोग करत होती आणि खाली पंखाचं काय झालंय ते कोणी बघितलं नाही. तू तीन वर्षांची होतीस. तुझी आजी टीव्हीपुढे पदर तोंडाला लावून बसली होती. मला घरात बसवेना. मी स्कूटर काढली आणि यादवकडे गेलो.

मृण्मयी : यादवकाकांकडे? त्यांचा काय संबंध?

चिंतामण : त्याचा उजवा हात आठवतो ना तुला?

मृण्मयी : नुसता अंगठा आहे. मशीनमध्ये गेली ना बोटं, तुमच्या कंपनीत? लहानपणी ते तिळगूळ डाव्या हाताने द्यायचे म्हणून मी भर दिवाणखान्यात म्हणाले होते, काका, डाव्या हाताने देऊ नये, उजव्याने द्या. आजीने डोळे वटारले आणि तुम्ही उठून आतच गेलात. मला वाटलं, माझ्यावर रागावलात.

चिंतामण : तुझ्यावर कशाला रागावू?

मृण्मयी : मग?

चिंतामण : मृण्मयी, आमच्याकडे एक पॉवर प्रेस होता. पायाने पेडल दाबलं की वरचा ठोकळा एकदा पडायचा, पत्रा कापायचा आणि वर जाऊन थांबायचा. माणसाने तेवढ्यात हात घालून तुकडा काढायचा. त्या प्रेसचा क्लच झिजला होता. चार-पाचशे वेळांतून एकदा तो न सांगता दुसऱ्यांदा पडायचा. मी दोन दिवस समोर उभा राहून मोजलं आणि रजिस्टरात लिहिलं, ‘चालणार नाही.’ गुरुवारी संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. शनिवारी माल जायचा होता. ओरडले असते तर मी अडून बसलो असतो. ते म्हणाले, चिंतामणराव, बाहेरच्यासारखं काय करता, घरचं समजा आणि करून टाका.

मृण्मयी : आबा...

चिंतामण : मी त्यांचंच पेन घेतलं. ‘चाल’ला हात लावावा लागला नाही. ‘णार नाही’ तेवढं खोडलं. ‘ल’वर मात्रा दिली, पुढे आणखी एक ‘ल’ काढला. झालं ‘चालेल’. मराठीत नकार मोडायला फार शाई लागत नाही.

मृण्मयी : आणि तो प्रेस यादवकाकांचा होता.

चिंतामण : बोटं गेली शनिवारी. यान फुटलं मंगळवारी. सिव्हिल हॉस्पिटलात त्याच्या कॉटशी बसून मी त्याला हा पेपर वाचून दाखवला, वेदनेतून मन दुसरीकडे जावं म्हणून. तेव्हा मलाही वाटलं होतं की अपघात तो, कोणाचा इलाज नसतो. चार-सहा महिन्यांनी चौकशीतलं छापून आलं, आधी सांगितलं होतं, माहीत होतं, तरी उडवलं. वाचनालयात वाचलं मी ते, उभ्यानेच. मग हे कात्रण टाकून द्यायला हात धजला नाही.

मृण्मयी : यादवकाकांना माहितीये? तुम्ही खोडलं होतं ते?

चिंतामण : नाही.

मृण्मयी : चाळीस वर्षांत नाही सांगितलंत?

चिंतामण : डाव्या हाताने लिहायला शिकवलं त्याला. साहेबांशी भांडून स्टोअरमध्ये बसवलं. त्याच्या मुलांच्या फिया, मुलीचं लग्न, सगळ्याला गेलो. सांगायचं तेवढं राहिलं. दर संक्रांतीला मनात ठरवायचो आणि तो तिळगूळ पुढे करून म्हणायचा, सायेब, गोड बोला. मग काय बोलणार?

मृण्मयी : आज येणारेत ना ते?

चिंतामण : रथसप्तमी त्याने कधी चुकवलेली नाही.

मृण्मयी : मग मी सही करू की नको, एवढं तरी सांगा.

चिंतामण : मला तो हक्क नाही, बाळ. माझी परीक्षा झाली त्या दिवशी मी नापास झालो. तुला उत्तर कुठल्या तोंडाने सांगू?

(फाटकाची कडी वाजते. यादव फाटकावरून डावा हात आत घालून कडी काढतो, त्यामुळे ती आधी एकदा आपटते आणि मग सरकते. हा आवाज ओळखायला चिंतामणरावांना कधी मान वर करावी लागली नाही. आजही ते करत नाहीत. आज फक्त त्यांना तो ऐकूच आला नसता तर बरं, असं वाटून जातं.)

यादव : रामराम सायेब. आरं, ह्या काय गवऱ्या पेटवल्या का गाव पेटवलं? कोपऱ्यापसून धूर दिसतोय. वयनी न्हाईत वाटतं घरी.

मृण्मयी : नांदगावला गेलीये आजी. या काका, बसा इथे उन्हात.

यादव : बसतो की. आमच्या कलाबाईनं तिळगूळ दिलाय. औंदा पाक जरा म्होरं गेला, दात सांभाळून खावा. तुमची त्वांडं का आशी? कोन आजारी हाय का?

मृण्मयी : काका, तुम्हाला एक विचारू? आमच्या प्लांटला बारीक गळती आहे. मालक म्हणतात सही कर. केली तर कंटेनर जाईल, नाही केली तर बहुतेक मी जाईन. आबांना विचारलं तर म्हणतात, मला हक्क नाही. तुम्ही सांगा, करू सही?

यादव : सायेबांना हक्क नाय? मंग कोनाला हाय? आख्ख्या सातपुरात ह्यांच्यासारखा तपासनारा नव्हता.

चिंतामण : यादव, थांब. मला तुला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. तुझा हात गेला, त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मी रजिस्टरात...

यादव : खोडलं व्हतं.

मृण्मयी : तुम्हाला माहीत होतं?

यादव : हापिसातनं रजिस्टर प्रेसपाशी कोन आनायचं? मीच. सातवी पास हाय मी, पोरी. आदीचं निळ्या शाईचं, खोडलेलं काळ्या. ‘चाल’ निळं, फुडचं सगळं काळं. वाचाया काय जड?

चिंतामण : चाळीस वर्षं तुला माहीत आहे?

यादव : शुक्रवारपसून. बोटं जायच्या आदल्या दिवसापसून.

चिंतामण : मग विचारलं का नाहीस? तेव्हा नाही तर नाही, नंतर तरी. शिव्या तरी द्यायच्या होत्यास.

यादव : काय इचारू सायेब? बावीस वर्सांचा व्हतो. मला वाटलं, चिंतामण सायेब येक खिळा घ्यायचा तर उन्हात धरून बघत्यात. त्यांनी खोडलं म्हंजे परत तपासून खोडलं आसंल. मशीन दोनदा पडतंय ते मला बी ठाव व्हतं. मशीनवर माजा इस्वास नव्हताच. तुमच्या अक्षरावर व्हता.

चिंतामण : हेच. हेच ऐकायची भीती होती मला.

यादव : ऐकून घ्या की मंग एकदाचं, सायेब. माजा बी येक काटा हाय, त्यो बी ऐका. शनवारी सकाळी तुमी माज्या म्होरून गेला. मनात आलं, हाक मारावी आन इचारावं, सायेब, खोडलं का? तीन शब्द. तुमी खोटं बोलला नसता.

चिंतामण : नसतो बोललो.

यादव : तेच म्हनतो मी. पर आपन कुठं सायबाला इचारायचं, म्हनून गप बसलो. कैक डाव झोपंत सुदिक इचारलंय मी तुम्हाला ते, कलाबाई सांगती. तुमी मला लिव्हायला शिकवायचा ना डाव्या हातानं, तवा मी म्हनायचो मनात, ह्यो मानूस रोज सायकल मारत का येतोय ते मला ठाव हाय. आन मला ठाव हाय ते ह्यास्नी ठाव नाय. येकदा बोललो आसतो तर तुमी यायचं थांबला आसता. मला ते नगं व्हतं.

चिंतामण : थांबलो नसतो रे.

यादव : आता कळलं. तवा कुठं म्हाईत? आरं, रडताय का सायेब? धूर म्हनू नका. धूर तिकडं चाललाय.

मृण्मयी : भागीबाई.

यादव : काय झालं पोरी? कोन भागीबाई?

मृण्मयी : आमच्याकडे पॅकिंगला आहे. सुरगाण्याकडची. साठ-सत्तर बायका आहेत त्या हॉलमध्ये, आणि मधे नुसती एक भिंत. पलीकडे मशीनरूम. आबा, मी तुम्हाला हे सांगितलंच नाही. तिने मला दारात थांबवून विचारलं होतं. ‘बाई, डोळ्यांना झोंबतंय. आत बसू ना?’

चिंतामण : काय म्हणालीस?

मृण्मयी : ‘चालेल,’ म्हणाले. ‘चालेल हो, उन्हं आली की थांबतं.’ ती हसली माझ्याकडे बघून. पोरीची झोळी क्रेटांच्या मागे बांधली आणि बसली निवडायला. आठ महिन्यांची आहे पोरगी. बाकीच्या बायका कुरकुरत होत्या, तर भागीबाईच त्यांना म्हणाली, मॅडमला विचारलंय मी.

चिंतामण : कधीची गोष्ट?

मृण्मयी : बारा दिवस झाले. रोज जाते ती आत. माझ्या शब्दावर जाते.

चिंतामण : आत्ता किती वाजले?

मृण्मयी : आठला दहा कमी. आठला आत जातात सगळ्या.

चिंतामण : मग बोलत काय बसलीस? फॉर्म गेला खड्ड्यात. आधी माणसं.

मृण्मयी : पॅकिंगच्या सुपरवायझरला लावते. हॅलो, मीना? मी मृण्मयी. बायका आत गेल्या का? ... दारात आहेत ना, तिथेच थांबव. एकीलाही आत जाऊ देऊ नको. सगळ्यांना फाटकाकडच्या मोकळ्या जागेत ने, उन्हात बसव. ऑपरेटरलाही सांग, आधी अलार्मची वायर होती तशी लावायची आणि मग बाहेर यायचं. ... नाही, भाऊसाहेबांना मी सांगते, तुझ्यावर येणार नाही. आणि मीना, भागीबाईला फोन दे जरा.

यादव : सायेब, दुदाकडं ध्यान हाय का?

चिंतामण : राहू दे दूध. ऐक.

मृण्मयी : भागीबाई? मॅडम बोलतेय. तुम्ही मला विचारलं होतं ना, आत बसू का म्हणून? मी चालेल म्हणाले होते. ते चुकीचं होतं. ... नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मला माहीत होतं आणि मी तसं म्हणाले. आता मी स्वतः येऊन सांगेपर्यंत आत जायचं नाही, दुसऱ्या कोणी सांगितलं तरी नाही. पोरगी कुठेय? ... तिला उन्हात घेऊन बसा. हो. ठेवते.

चिंतामण : मला चाळीस वर्षं लागली हेच वाक्य बोलायला, आणि तेसुद्धा अर्धं यादवनेच बोलून टाकलं.

मृण्मयी : आता भाऊसाहेब. मी सही करणार नाही असं कळवते त्यांना.

यादव : आसं नगं करू.

मृण्मयी : काका, तुम्हीच असं म्हणताय?

यादव : सही नाय करत म्हनू नगं. न केलेली सही कोन बी करून टाकतं. तुजी जागा रिकामी ऱ्हायली तर सांजच्याला दुसरा कोनतरी तितं बसंल. सही कर. पर वर आदी काय लिव्हायचं ते लिव्ह, आन मंग त्याच्या खाली कर. जाड अक्षरात. खोडाया गेलं तर कागद फाटला पायजे.

चिंतामण : दिवाणखान्यात माझं पेन आहे, ते घे. निळंच आहे.

मृण्मयी : फॉर्म आहे माझ्या बॅगेत. थांबा, ‘हरकत नाही’ छापलंय, ते खोडून लिहिते. ‘चालणार नाही. रिंग बदलेपर्यंत प्लांट बंद ठेवावा आणि हॉलमध्ये कोणालाही बसवू नये.’ बरोबर आहे, आबा?

चिंतामण : तारीख घाल. वेळही घाल. आणि अलार्मची वायर कोणी काढली ते लिहिणार असशील तर कोणी काढू दिली तेही लिही.

मृण्मयी : लिहिते. हे घ्या, झालं. फोटो पाठवला. आणि लगेच आलाच बघा त्यांचा फोन. हॅलो, भाऊसाहेब. ... हो, सही केलीये. वर काय लिहिलंय ते वाचा. ... गळती बारीक आहे, मान्य. ... नाही, बायका बाहेर मीच बसवल्यात. ... घरचं समजूनच लिहिलंय, भाऊसाहेब. आपल्या सूनबाईंना बसवलं असतं का त्या हॉलमध्ये, बाळाला घेऊन? ... हो. ... हो, कळलं मला. अर्ध्या तासात निघते, समोरासमोर बोलू.

चिंतामण : काय म्हणाले?

मृण्मयी : आधी ओरडले. सूनबाईचं म्हटल्यावर म्हणाले, ये तू, विचार करून सांगतो. आवाज वेगळाच लागला होता त्यांचा. नोकरीचं काय होईल माहीत नाही, आबा. हात बघा कसे थरथरतायत.

चिंतामण : थरथरू देत. दहाही आहेत ना बोटं, मग थरथरू देत.

यादव : लय गोड बोललीस फोनवर. तिळगूळ घ्यायच्या आदीच येवढं, तर घेतल्यावर काय करशील? घे. डाव्या हातानंच देतो हां. मागं येकदा वरडली व्हतीस.

मृण्मयी : चार वर्षांची होते काका मी. द्या. डाव्या हातानेच द्या.

यादव : सायेब, तुमी बी घ्या. आन आता दरसाल मनात काय ठरवत जाऊ नका. सपलं ते. आरं, आरं, दूद! बघा, बघा, निम्मं गेलं की!

चिंतामण : उतू गेलं वाटतं. कुठल्या अंगाला गेलं?

मृण्मयी : चक्क पश्चिमेला.

चिंतामण : झालं. आजी विचारेल तेव्हा पूर्वेला गेलं म्हणून सांगायचं.

मृण्मयी : आबा.

चिंतामण : बरं बाई, पश्चिमेला. आजच्या दिवस तरी खरं ते सांगू. ऐकून घेईन तिचं. यादव, उरलंय त्यातलं घोटभर घेतोस ना? खाली थोडं लागलंय, धुराचा वासही येतोय. चालेल का तुला?

यादव : थांबा, आदी चाखू द्या. ... हां. चालेल, सायेब.